चिमटा हवा, नख नको : अंगाला चिकटलेल्या गोचिडाचं काय करावं

चैत्र लागला की बडोद्याच्या रेल्वे स्टेशनावर मराठी बोलणं नेहमीपेक्षा जास्त कानावर येतं. पुण्याहून, नाशिकहून, सांगली-कोल्हापूरकडून आलेली माणसं पाठीवर सॅक घेऊन उतरतात आणि नर्मदेच्या उत्तरवाहिनी परिक्रमेसाठी रामपुरा-तिलकवाड्याची वाट धरतात. अंतर वीसेक किलोमीटरचं. पण वाट नदीकाठच्या शेतांतून, गवतातून, गुरांच्या गोठ्यांजवळून जाते. ज्यांचे नातेवाईक शहरात आहेत ते जाता-येता दांडिया बाजारात नाहीतर कारेलीबागेत टेकतात. खुद्द कारेलीबागेतल्या कुटुंबांचं फिरणंही काही कमी नाही. रविवारी पावागड, पावसाळा सरला की जांबुघोड्याचं जंगल, कार्तिकात गिरनारची लीली परिक्रमा, अधूनमधून गरुडेश्वर आणि नारेश्वर.

अशा फिरण्यातून परत आल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्याच्या मागे, काखेत किंवा कमरेच्या इलास्टिकखाली एखादा काळसर ठिपका हाताला लागतो. काल तिथे तीळ नव्हता. नीट निरखून पाहिलं की त्या ठिपक्याला पाय दिसतात.

मग घरात सल्ल्यांना ऊत येतो. कोणी म्हणतं रॉकेलचा बोळा लाव, आपोआप सुटेल. कोणी अगरबत्ती पेटवायला धावतं. कोणाला व्हॅसलिन आठवतं, कोणाला नेलपॉलिश. एखादी अनुभवी आजी सरळ दोन बोटांत धरून तो उपटते आणि दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये टचकन फोडते. तिने आयुष्यभर गोठ्यात हेच केलेलं असतं, त्यामुळे तिचा हात जराही कापत नाही. घरातल्या बाकीच्यांना काळजी एकच, ‘डोकं आत तर राहिलं नाही ना?’

गोचिडाबद्दलचं आजचं ज्ञान एकत्र ठेवून पाहिलं तर या काळजीचा क्रम उलटा आहे, असंच म्हणावं लागतं. आत राहिलेला तुकडा ही किरकोळ बाब आहे. खरा धोका तीन ठिकाणी आहे : गोचीड काढायला लावलेला उशीर, तो नखाने फोडण्याची सवय, आणि दहा दिवसांनी ताप आल्यावर डॉक्टरांना त्याबद्दल सांगायचं राहून जाणं. गुजरात, कोकण, गोवा आणि विदर्भ या चारही ठिकाणच्या गेल्या काही वर्षांतल्या घटना हेच सांगतात.

आधी या प्राण्याची ओळख. गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या कुळातला तो आहे. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला सहा पाय असतात, पुढच्या दोन अवस्थांमध्ये आठ. प्रत्येक अवस्थेत त्याला एकदा पोटभर रक्त लागतं आणि मधल्या काळात तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. झाडावरून तो अंगावर पडतो ही समजूतही बहुतेक वेळा चुकीची असते. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर चढून, पुढचे दोन पाय पसरून तो वाट बघत बसतो. त्या पुढच्या पायांवर एक अगदी बारीक इंद्रिय असतं, त्याने त्याला श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास कळतो. पायजम्याची कड घासून गेली की तो पकड घेतो आणि मग वर चढत जातो. म्हणूनच पायाला लागलेला गोचीड सापडतो मांडीवर, कमरेवर, कधी थेट कानामागे. गुजरातेत गुरांवर सर्रास आढळणाऱ्या हायलोमा गटातल्या काही जातींचे गोचीड तर वाट बघत बसण्यावर समाधान मानत नाहीत. सावज जाणवलं की जमिनीवरून त्याच्याकडे चालत येतात.

त्याचं तोंड भिंगाखाली पाहण्यासारखं आहे. दोन बारीक कात्र्यांनी तो कातडी कापतो आणि त्या फटीत एक सोंड घालतो. या सोंडेवर मागे वळलेल्या दातांच्या रांगा असतात, त्यामुळे आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड. एवढ्यावर न थांबता अनेक जातींचे गोचीड लाळेतून एक चिकट द्रव सोडतात. तो सोंडेभोवती घट्ट होतो आणि प्राणी जागच्या जागी जखडला जातो. याच लाळेत चावल्याची जाणीव बोथट करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यंही असतात. डास चावला की आपण फटका मारतो. गोचीड मात्र तीन दिवस, आठ दिवस बसून राहतो आणि पत्ताही लागत नाही. रोगाचे विषाणू आणि जिवाणू माणसाच्या शरीरात शिरतात ते मुख्यतः या लाळेबरोबर.

ही रचना एकदा लक्षात आली की घरगुती उपाय का फसतात ते वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेतले संशोधक ग्लेन नीडम यांनी १९८५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या प्रयोगांचा निबंध छापला. अंगाला चिकटलेल्या गोचिडांवर त्यांनी पेट्रोलियम जेली लावून पाहिली, नेलपॉलिश लावलं, अल्कोहोल लावलं, पेटती काडीही टेकवली. एकाही उपायाने गोचिडाने पकड सोडली नाही. गुदमरून तो बाहेर येईल ही कल्पनाच मुळात चुकते, कारण गोचिडाला तासाभरात मोजकेच श्वास पुरतात. व्हॅसलिनखाली तो आरामात बसून राहतो. आणि तो सुटायची वाट बघताना जाणारा प्रत्येक तास लाळ आत जाण्याचा असतो. चटक्याने तर भाजतं आपल्यालाच, शिवाय डिवचलेला गोचीड जखमेत आणखी लाळ सोडण्याची भीती असते. नीडम यांनी शेवटी जो मार्ग सुचवला तोच आज जगभरच्या आरोग्यसंस्था सांगतात : चिमट्याने धरा आणि सरळ ओढा.

चिमटा कसा, हे मात्र महत्त्वाचं. भुवया कोरायला वापरतात तो रुंद, सपाट टोकाचा चिमटा गोचिडाचं पोट दाबतो. हवा तो अणकुचीदार, बारीक टोकाचा. मेडिकलच्या दुकानात किंवा घड्याळ दुरुस्तीच्या सामानात मिळतो तसा. बसलेल्या गोचिडाच्या फुगलेल्या पोटाकडे लक्ष न देता चिमट्याची टोकं कातडीला टेकवायची आणि तो जिथे आत शिरला आहे तिथेच, अगदी तोंडाशी, पकडायचा. मग सावकाश, एकसारखा जोर लावत कातडीपासून सरळ वर ओढायचा. हिसका द्यायचा नाही. चिमट्याने पिळायचाही नाही. कातडी तंबूसारखी थोडी वर उचलली जाते. तिथेच धीर धरून ओढ तशीच ठेवली की काही सेकंदांत तो सुटतो, कधी सोबत कातडीचा इवलासा पापुद्रा घेऊन. तो पापुद्रा आला तर घाबरायचं कारण नाही.

काही देशांत खाचेचं छोटं प्लॅस्टिकचं हूक मिळतं. ते गोचिडाखाली सरकवून हलकेच फिरवतात. त्या हुकाची बनावट फिरवण्यासाठीच असते, म्हणून तिथे ते चालतं. चिमट्याचं आणि हुकाचं तंत्र एकमेकांत मिसळू नये, एवढंच.

चिमटा जवळ नसेल तर? जंगलात हा प्रश्न हमखास येतो. मुक्कामी पोचायला तीन-चार तास लागणार असतील तर तोवर वाट न बघता हातमोजा, प्लॅस्टिकची पिशवी किंवा टिश्यू पेपरची घडी बोटांवर घेऊन, शक्य तितकं कातडीजवळ धरून त्याच पद्धतीने काढावा. उघड्या बोटांनी मात्र नको.

काढल्यानंतर जागा साबणाने धुवायची, स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडिन लावायचं, हातही धुवायचे. काढलेला गोचीड फेकायचा नाही आणि फोडायचा तर मुळीच नाही. सॅनिटायझरच्या किंवा स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकावा, नाहीतर चिकटपट्टीच्या दोन थरांत बंद करावा. रॉकेल वापरायचंच असेल तर ते इथे, काढलेला गोचीड मारायला वापरावं. अंगावर चिकटलेल्याला लावू नये. मोबाइलवर त्याचा एक फोटो काढला आणि तारीख-ठिकाण लिहून ठेवलं की काम झालं.

आता त्या बहुचर्चित ‘डोक्या’विषयी. आत राहतो तो सोंडेचा तुकडा; त्यातून गोचीड पुन्हा वाढत नाही. चिमट्याच्या टोकाने सहज निघाला तर काढावा. नाहीतर सोडून द्यावा, कातडी काही दिवसांत तो बाहेर ढकलते. सुईने, ब्लेडने उकरून जखम चिघळवणं हे त्या तुकड्यापेक्षा जास्त त्रासाचं ठरतं. लालसरपणा वाढत गेला, पू झाला तर डॉक्टरांना दाखवावं. कानाच्या आत शिरलेला गोचीड हे मात्र घरी करायचं काम नाही. पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून तिथे कान-नाक-घशाचे डॉक्टरच हवेत.

एकाच पद्धतीवर साऱ्या जगाचं एकमत आहे असं नाही. ऑस्ट्रेलियात गोचीड चावल्याने जिवावर बेतणारी ॲलर्जी होणारे रुग्ण बरेच आहेत. त्यामुळे तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांची संस्था सांगते की गोचीड आधी जागच्या जागी गोठवणाऱ्या स्प्रेने मारावा, तो गळून पडू द्यावा, ओढू नये. सिडनीतल्या डॉक्टर शेरिल व्हॅन न्युनेन यांनी गोचिडाच्या चाव्याचा आणि मांसाच्या ॲलर्जीचा संबंध मांडला. पुढे अमेरिकेतही तो दिसून आला. चाव्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मटण खाल्लं की मध्यरात्री अंगावर पित्त उठतं, श्वास लागतो, असं त्याचं स्वरूप. सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांनी तिथलाच सल्ला मानावा हे योग्य. भारतात मात्र तशा स्प्रेची शिफारस नाही, इथे चिमटाच.

काढलेला गोचीड फोडायचा का नाही, हे सांगणारी गुजरातची गोष्ट इथे सुरू होते.

जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक स्त्री ताप आणि रक्तस्रावाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिका यांनाही तोच आजार झाला आणि दोघांचाही मृत्यू झाला. तिच्या पतीला लागण झाली, पण तो वाचला. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पोचले आणि निदान झालं : क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. भारतात हा आजार प्रयोगशाळेत सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ. क्रिमियात १९४४ मध्ये आणि काँगोत १९५६ मध्ये आढळलेले दोन आजार एकाच विषाणूचे आहेत हे कळल्यावर हे जोडनाव पडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या आजारात शंभरातले १० ते ४० रुग्ण दगावतात.

तो विषाणू वाहतो हायलोमा गोचीड. गुरं, शेळ्या, मेंढ्यांच्या रक्तात विषाणू काही दिवस फिरतो, पण जनावर आजारी दिसत नाही. कोलाटनंतर पुण्याच्या संशोधकांनी गुजरातेतल्या जनावरांच्या रक्ताची तपासणी केली, मग देशभर केली. तेव्हा २२ राज्यांतल्या जनावरांत या विषाणूची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे विषाणू एका गावात बाहेरून आलेला पाहुणा नव्हता. तो आधीपासूनच गोठ्यांमध्ये वावरत होता. पुढे २०१३ मध्ये अमरेली जिल्ह्यात, २०१९ मध्ये सुरेंद्रनगर-भावनगर भागात रुग्ण आढळले. सप्टेंबर २०२० मध्ये, गुजरातेतल्या रुग्णांच्या बातम्यांनंतर, शेजारच्या पालघर जिल्हा प्रशासनाने पशुपालकांसाठी आणि मांसविक्रेत्यांसाठी इशारा काढला होता.

या आजाराच्या प्रसाराचे मार्ग लक्षपूर्वक वाचावेत असे आहेत. एक, गोचीड चावणं. दोन, बाधित जनावराच्या किंवा रुग्णाच्या रक्ताशी संपर्क. आणि तीन, हाताने गोचीड चिरडणं. बोटावर एखादी बारीक चीर असेल, नखाखालची कातडी सोललेली असेल, तर फोडलेल्या गोचिडातला द्रव थेट आत जातो. त्याच हाताने डोळा चोळला तरी धोका आहे. चाव्यापासून वाचलेला माणूस चिरडण्याने आजारी पडू शकतो. आजीचा तो नखांचा टचका म्हणून थांबवायला हवा. तिच्या अनुभवाचा अपमान न करता, पण ठामपणे.

घाबरून घराबाहेर पडणंच सोडावं असं हे प्रकरण नाही, हेही सांगायला हवं. रुग्णांची संख्या मोजकी राहिली आहे आणि त्यात पशुपालक, गोठ्यात काम करणारे, कत्तलखान्यातले कामगार, आरोग्यसेवक यांचाच भरणा आहे. पावागडला जाऊन आलेल्या प्रत्येकाला काँगो ताप होणार नाही. बहुतेक चावे खाज आणि एक लाल गाठ एवढ्यावरच मिटतात. पण गुजरातेत राहणाऱ्या माणसाला इंटरनेटवर गोचीड शोधल्यावर जी माहिती मिळते ती जवळजवळ सगळी अमेरिकेतल्या लाइम आजाराची असते. तिथलं एक वाक्य इथे फसवं ठरतं.

ते वाक्य असं : ‘गोचीड चोवीस तासांच्या आत काढला तर काळजी नाही.’ लाइमपुरतं ते बरंचसं खरं आहे. कनेटिकट राज्यातल्या लाइम गावावरून नाव पडलेल्या या आजाराचा जिवाणू गोचिडाच्या आतड्यात असतो आणि लाळेपर्यंत पोचायला त्याला सहसा एक-दीड दिवस लागतो. न्यू जर्सी-कनेटिकट पट्ट्यात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. तिथे मुलं अंगणातून आत आली की आई-बाबा त्यांचे कान आणि माना तपासतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाने तिथे वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात. उन्हाळ्यात नातवंडांकडे जाणाऱ्या इथल्या आजी-आजोबांनी तो रिवाज जरूर पाळावा. विशिष्ट जातीचा गोचीड बराच काळ चिकटलेला असेल तर तिथले डॉक्टर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एक डोस देतात. भारतात लाइम विरळा आहे. आपल्याकडच्या विषाणूंना दीड दिवसाचा अवधी लागतो असं धरून चालता येत नाही आणि गोचिडांमुळे होणाऱ्या टायफस तापासाठी तर काही तास पुरतात. म्हणून इथे हिशेब सोपा ठेवावा : दिसला की काढायचा.

कोकणाचा अनुभव वेगळा आणि अधिक कडवट आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय संस्थेनेच, त्याचा विषाणू शोधून काढला. अनेक दशकं हा आजार त्या परिसराचाच मानला गेला. मग २०१२ नंतर तो तमिळनाडू-केरळच्या सीमेकडे दिसला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आला आणि २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. पुढच्या वर्षी बांदा परिसरातही रुग्ण सापडले. सिंधुदुर्गात त्याचं नाव माकडताप.

हा ताप काजूच्या हंगामातच का येतो, याचं उत्तर गोचिडाच्या वाढीत आहे. पावसानंतर अंड्यांतून पिल्लं निघतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांची मधली अवस्था जंगलात असते. हे गोचीड आकाराने खसखशीच्या दाण्याएवढे. अंगावर दिसणं कठीण. त्याच महिन्यांत काजूच्या बागांत माणसं वाळलेल्या पानांवर उकिडवी बसून बिया वेचत असतात, पाला गोळा करून घरी नेत असतात, सरपण आणत असतात. पाल्याच्या भाऱ्याबरोबर गोचीड माजघरापर्यंत येतो. सत्तरीत काय आणि दोडामार्गात काय, आजाराचा फटका बसला तो याच कष्टकरी माणसांना. एकाएकी चढलेला ताप, डोकं फुटेल अशी वेदना, अंग मोडून येणं, काही रुग्णांना रक्तस्राव. शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. १९९० पासून अनेक वर्षं दिली गेलेली लस अपेक्षेएवढं संरक्षण देत नाही हे पुढे स्पष्ट झालं. नवी, भरवशाची लस येईपर्यंत कामावर जाताना अंगाला चोपडायचं तेल, अंगभर कपडे, परतल्यावर गरम पाण्याची आंघोळ आणि मेलेल्या माकडाची तत्काळ वर्दी हेच हाताशी असलेले उपाय आहेत. संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेलं ‘डेपा’ तेल कर्नाटकातल्या बाधित भागांत वाटलं गेलं आहे. मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड नवं सावज शोधत चहूकडे पसरतात, म्हणून त्याच्या जवळ जाऊ नये; वनखात्याला कळवावं.

बडोदेकरांना वाटेल, हे आपल्यापासून दूर आहे. पण क्यासनूरच्याही आधी, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या एका रक्ततपासणीत सौराष्ट्रातल्या माणसांमध्ये याच कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडं आढळली होती. तिथे साथ उद्भवली नाही, तरी ही नोंद विसरण्यासारखी नाही.

विदर्भातली गोष्ट विषाणूची नाही, पण डॉक्टरांकडे वेळेवर जाण्याचं महत्त्व तिच्यात सगळ्यात जास्त दिसतं. गोचिडामुळे होणारा टायफस हा ‘रिकेट्सिया’ जिवाणूचा आजार. ताप, आणि काही दिवसांत हाता-पायांवर, अगदी तळहात-तळपायांवरही उठणारे लाल ठिपके. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या अशा मुलांचा अभ्यास करून २०११ मध्ये लक्षणांना गुण देण्याची एक पद्धत मांडली, जेणेकरून महागड्या तपासण्या नसलेल्या गावातही डॉक्टरांना लवकर संशय यावा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त, जुनं औषध वेळेत सुरू केलं तर हा रोग हटतो. उशीर झाला तर तोच मूत्रपिंडावर, मेंदूवर जातो. शिवाय हा गोचीड जंगलातलाच असतो असं नाही. कुत्र्यांवर आढळणारा तपकिरी गोचीडही हा रोग पसरवू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात गाजलेला स्क्रब टायफस मात्र वेगळा. तो गोचिडाचा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांचा. चाव्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली ही त्याची खूण.

तपकिरी गोचिडाचा विषय निघाला की कारेलीबागेत परत यावं लागतं. शहरातल्या माणसाला गोचीड भेटण्याची सगळ्यात मोठी शक्यता पावागडावर नाही, घरातल्या पाळीव कुत्र्यावर आहे. कुत्र्यांवरच्या या जातीचं वैशिष्ट्य असं की ती पूर्ण आयुष्य घराच्या आत काढू शकते. पोट भरलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या फटीत, पडद्याच्या घडीत, पलंगाच्या सांध्यात हजारांनी अंडी घालते. कुत्र्याला औषध लावलं आणि भिंतीच्या फटी तशाच राहिल्या, तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. कुत्र्यांमध्ये याच गोचिडाने एर्लिकियोसिस होतो. पशुवैद्य त्याला टिक फीव्हर म्हणतात, आणि मलूल, जेवण सोडलेल्या कुत्र्याच्या रक्तातल्या प्लेटलेट घसरलेल्या सापडतात. कुत्र्यांचे गोचीडही हातमोजे घालून, चिमट्यानेच काढायचे. पोरांच्या हाती हे काम देऊ नये. कुत्र्यासाठी आणलेलं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला लावू नये, मांजराला ते विषारी आहे.

रस्त्यावर बसलेली गाय हा शहराचा आणखी एक भाग. शेवटच्या पोळीचा घास देताना मुलं तिच्या मानेवरून हात फिरवतात, तिच्या कानाच्या मुळाशी चिकटलेले राखाडी टपोरे गोचीड खेळ म्हणून ओढतात. तेवढं थांबवलं तरी पुष्कळ. गोठा असलेल्यांनी गोचीडनाशकाची निवड आणि प्रमाण पशुवैद्याकडूनच घ्यावं. एकच औषध वर्षानुवर्षं, कमी-जास्त मात्रेत वापरल्याने गोचीड त्याला दाद देईनासे होतात. जनावराला थायलेरियाचा ताप हायलोमा गोचिडांमुळेच येतो आणि संकरित गाई त्यात पटकन दगावतात, त्यामुळे गोठ्यातला बंदोबस्त माणसाइतकाच जनावराच्याही भल्याचा आहे.

फिरायला निघताना फार साहित्य लागत नाही. फिक्या रंगाची फुल पँट, तिची टोकं मोज्यांत खोचलेली. फिक्या कापडावर चालणारा गोचीड दिसतो. उघड्या अंगाला गोचीड-डास दूर ठेवणारं डीट असलेलं मलम. लहान मुलांसाठी डब्यावरच्या सूचना वाचून. वाटेच्या मध्यातून चालणं, गवतावर थेट न पसरता चादर टाकणं, गोठ्याजवळ दुपारची झोप टाळणं. परतल्यावर कपडे पलंगावर न टाकता गरम पाण्यात. आणि आंघोळीच्या वेळी अंगाची तपासणी : केसांची मुळं, कानामागे, काखा, बेंबी, जांघा, गुडघ्यांमागे. पाठीसाठी दुसऱ्याची मदत लागते. मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी, कारण बारीक गोचीड त्यांना दिसत नाही आणि दुखत नसल्याने ती बोलत नाहीत.

चावा झाल्यावर स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नये. पुढचे दोन आठवडे अंगाकडे लक्ष ठेवावं. काँगो तापाची लक्षणं चाव्यानंतर एक ते तीन दिवसांत, फार तर नऊ दिवसांत दिसतात. रक्ताच्या संपर्कातून आला तर तेरा दिवसांपर्यंत. ताप, तीव्र डोकेदुखी, अंगावर ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त यांपैकी काहीही दिसलं तर लगेच जावं, आणि केसपेपर काढतानाच सांगावं की अमुक तारखेला, अमुक ठिकाणी गोचीड चावला होता किंवा हाताने काढला होता. या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते आणि समोरच्या डॉक्टर-परिचारिकांना हातमोजे-मास्क घालायला वेळ मिळतो. कोलाटनंतर या मुद्द्याबद्दल दुमत राहिलेलं नाही. बडोद्यात त्यासाठी सयाजी हॉस्पिटल आहे. खुद्द कारेलीबागेत संसर्गजन्य रोगांचं सरकारी रुग्णालय आहे, ज्याला शहर चेपी रोगाचं हॉस्पिटल म्हणून ओळखतं. एरवी कॉलरा-अतिसाराच्या दिवसांत आठवणारं हे ठिकाण जंगलातून आलेल्या तापकऱ्यानेही लक्षात ठेवावं.

उत्तरवाहिनी परिक्रमेचे आणि पावागड-जांबुघोड्याच्या सहलींचे आयोजक दरवर्षी सोबत आणायच्या सामानाची यादी पाठवतात. तीत टॉर्च असते, काठी असते, ओआरएस असतं. यंदाच्या यादीत बारीक टोकाचा एक चिमटा, स्पिरिटची छोटी बाटली आणि हातमोज्यांची एक जोडी एवढं वाढवावं, आणि निघण्याआधी पाच मिनिटं काढून चिमटा कसा धरायचा ते सगळ्यांना दाखवावं.